क्षमा, भीड आणि भाडेकरू

भारतीय धर्मविचारात गृहस्थाश्रमाची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत दाराशी आलेल्याला आसरा देण्याचे स्थान फार वरचे आहे. परंतु मोबदला घेऊन आसरा देणाऱ्या गृहस्थाने, म्हणजे आजच्या भाषेत घरमालकाने, कसे वागावे याची चर्चा नीतिग्रंथांत क्वचितच आढळते, आणि आढळली तरी ती व्यवहारप्रकरणात, म्हणजे तंटे आणि दंड यांच्या विवेचनात, कुठेतरी कोपऱ्यात असते. भाडे हा बाजारातला सौदा आहे आणि सौद्याला नीतीची नव्हे, कागदाची गरज असते, असा समज या उपेक्षेमागे असावा. तो समज पहिल्यांदाच घर भाड्याने देणाऱ्या माणसाजवळ फार काळ टिकत नाही. महाराष्ट्राच्या शहरांत गेल्या दोन-तीन पिढ्यांत असा एक वर्ग तयार झाला आहे, ज्याने निम्मे आयुष्य दुसऱ्याच्या खोलीत भाडे भरून काढले आणि उतारवयात भविष्यनिर्वाह निधीतून किंवा परदेशी गेलेल्या मुलाच्या पैशातून दुसरे घर घेतले. कागदोपत्री हा वर्ग मालक झाला, पण मालकपणाचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. त्याच्यापुढे भाडे थकवणारा आणि घर सोडण्याचे नाव न काढणारा भाडेकरू उभा राहिला, की त्याला पडणारा प्रश्न वकिलाकडे नेता येतो, तरी तो मुळात वकिली नसतो. क्षमा हा जर सद्गुण असेल, तर तो इथे कुठवर लागू होतो, आणि आपले मागणे हा जर लोभ असेल, तर तो कुठून सुरू होतो, असा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाची वाटचाल बहुतेक घरांत सारखीच असते. अकरा महिन्यांचा करार होतो, अनामत रक्कम खात्यात जमा होते, पहिले तीन-चार महिने भाडे पाच तारखेच्या आत येते. मग ते दहा तारखेला, मग वीस तारखेला येऊ लागते, मग निम्मे येते, आणि त्यासोबत ‘पगार झाला की लगेच टाकतो’, ‘सोमवारी नक्की’, ‘गावाकडे आजारपण निघालंय, काका, समजून घ्या’ अशी उत्तरे येऊ लागतात, ज्यांतली काही अक्षरशः खरी असतात. सोसायटीची देखभालवर्गणी मालकाच्या नावावर चढत राहते, खालच्या मजल्यावरचे शेजारी न्हाणीघरातून गळती होते म्हणून मालकालाच फोन करतात, आणि करार संपण्याच्या सुमारास अनामत थकलेल्या भाड्यात केव्हाच जिरलेली असते. मालकाच्या कपाटात दुसरी किल्ली असते. ती लावून आत जावे, निदान गळती तरी पाहून यावी, असे त्याला वाटते, आणि तो जात नाही, किंवा जातो. दोन्ही वेळी आपण बरोबर केले की चूक, हे त्याला नेमके सांगता येत नाही.

त्या किल्लीपाशी एक जुना दार्शनिक वाद येऊन पोहोचतो. वस्तू आणि तिचा मालक यांच्यातील जो संबंध, त्याला शास्त्रकार ‘स्वत्व’ म्हणतात; म्हणजे वस्तूच्या ठिकाणचे ‘आपलेपण’, ज्याच्या बळावर ती अमक्याची म्हटली जाते. स्वत्वाचे एक प्रचलित लक्षण असे केले गेले की, जिचा इच्छेनुसार विनियोग करण्याची योग्यता आहे, ती वस्तू आपली. सोळाव्या शतकाच्या सुमारास नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणींनी या लक्षणावर बोट ठेवले: इच्छेनुसार तर दुसऱ्याचे अन्नही खाता येते, मग अडते कुठे? दुसऱ्याचे घेऊ नये असा निषेध आहे म्हणून अडते, असे म्हणावे, तर ‘दुसऱ्याचे’ म्हणजे काय हे त्या निषेधाच्या आधीच ठाऊक असावे लागते. म्हणून स्वत्व हा दुसऱ्या कशातही न मिसळणारा, स्वतंत्र पदार्थच मानला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. भाड्याने दिलेले घर हे या वादातले फार सोयीचे उदाहरण आहे. घर मालकाचे असते, तरीही कराराच्या काळात त्याचा इच्छेनुसार विनियोग करण्याची योग्यता त्याच्याकडे नसते; ती त्याने स्वतःच, मोबदला घेऊन, दुसऱ्याला दिलेली असते. उरते ते नुसते स्वत्व, भोगावाचूनचे. नव्या घरमालकाची पहिली अडचण हीच असते की, आजवर घर म्हणजे राहण्याची जागा एवढाच अनुभव असलेल्या त्याला हे भोगावाचूनचे मालकपण कल्पनेतही पकडता येत नाही. घर आपले आहे म्हणजे आत जाता आले पाहिजे, असे त्याला मनापासून वाटत असते.

मीमांसकांनी याच विषयाला दुसऱ्या बाजूने हात घातला. विश्वजित नावाच्या यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचे असते. मग राजा यजमान असेल, तर त्याने पृथ्वीही दान करावी का, असा प्रश्न जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात उपस्थित होतो, आणि उत्तर असे मिळते की, भूमी सर्वांना सारखीच असल्यामुळे ती देता येत नाही. राजाचे नाते तिच्या रक्षणाचे आहे. शेत आणि घर यांची मालकी याने रद्द होत नाही, हे खरे. परंतु एवढे ठरते की ‘माझे’ या शब्दाला कुठेतरी कड आहे. विसाव्या शतकात गांधींनी ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्राचा आधार घेऊन विश्वस्तवृत्तीचा, म्हणजे संपत्तीचा धनी स्वतःला तिचा राखणदार समजतो या वृत्तीचा, जो विचार मांडला, तोही याच कडेवर उभा आहे. या विचाराचा सवंग अर्थ मात्र घरमालकाला उपयोगी नाही. सारे ईश्वराचे आहे म्हणून थकलेले भाडे सोडून द्यावे, असे त्यातून निघत नाही. राखणदाराने राखायचे सोडून दिले, तर तो विश्वस्तही राहत नाही.

धर्मशास्त्रकार या बाबतीत पुष्कळ रोखठोक आहेत, आणि दोन्ही बाजूंना सारखेच रोखठोक आहेत. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तूंविषयीच्या प्रकरणात असा नियम आहे की, मनाई केल्यानंतरही जो दुसऱ्याच्या घरात राहतो, त्याला बारा पण दंड, आणि भाडे भरलेल्या भाडेकरूला जो मालक बाहेर काढतो, त्यालाही बारा पणच. मालकाला या दंडातून सूट मिळते ती भाडेकरूने शिवीगाळ किंवा मारहाण, चोरी, दांडगाई, स्त्रीविषयक गुन्हा किंवा खोट्या हक्काने उपभोग यांपैकी काही केले असेल तरच. उलट भाडेकरू मुदतीआधी आपण होऊन निघाला, तर वर्षाचे उरलेले भाडे त्याने द्यावे. कात्यायनाच्या मते भाड्याने घेतलेले घर मालकाला परत मिळेपर्यंत भाडे चालूच राहते. नारदस्मृती आणखी बारकाव्यात शिरते: दुसऱ्याच्या जमिनीवर भाडे भरून ज्याने घर बांधले, त्याला निघताना आपले गवत, लाकूड, विटा घेऊन जाता येतात, पण भाडे न भरता जो राहिला, त्याचे हे सामान जमीनमालकाकडे राहते. यांपैकी एकाही नियमात भाडेकरूच्या गरिबीबद्दल किंवा मालकाच्या औदार्याबद्दल अवाक्षर नाही. ही कोरडेपणाची खूण वाटू शकेल. प्रत्यक्षात दया आणि हिशेब यांची खाती वेगळी ठेवण्याचा हा प्रकार आहे, आणि पुढच्या विवेचनात त्याचाच उपयोग होणार आहे.

घरमालकांत पिढ्यानपिढ्या फिरणारी एक भीती इथे उल्लेखिली पाहिजे. बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते, असे सर्रास बोलले जाते. दीर्घ उपभोगाने हक्क मिळतो का, या प्रश्नाला शास्त्रात ‘भुक्ती’चा प्रश्न म्हणतात. मालक समोर पाहत असून गप्प राहिला, तर परक्याने भोगलेली जमीन वीस वर्षांनी हातची जाते, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. पण लगेच पुढे गहाण, ठेव अशा, मालकाच्याच संमतीने दुसऱ्याच्या हाती गेलेल्या गोष्टींचा अपवादही करते. कल्याणीच्या चालुक्य दरबारातील विज्ञानेश्वराने तर या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ टीकेत याहून पुढे जाऊन असा अर्थ लावला की, गप्प बसणाऱ्याचे नुकसान होते ते मधल्या काळातल्या उत्पन्नाचे. जमीन त्याचीच राहते. आजचा कायदाही परवानगीने राहणाऱ्याच्या ताब्याला विरोधी ताबा मानत नाही. भीती निराधार आहे, तरी ती चुकीच्या वेळी चुकीचे करायला लावते; तिच्यापायी चांगल्या भाडेकरूलाही दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवायला लावणारे मालक पुष्कळ असतात.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे क्षमेकडे वळता येईल. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी आणि युधिष्ठिर यांच्यात या विषयावर जो संवाद होतो, त्याइतकी सरळ चर्चा अन्यत्र क्वचितच सापडेल. राज्य गेलेले, वनवास पदरी पडलेला, आणि नवरा क्षमेची महती गातो आहे, हे असह्य होऊन द्रौपदी त्याला प्रल्हादाने आपल्या नातवाला, बळीला, केलेला उपदेश ऐकवते. सदासर्वदा तेज दाखवणे हिताचे नाही, तशीच सदासर्वदा क्षमा करणेही हिताचे नाही, हा त्या उपदेशाचा गाभा. नेहमी क्षमा करणाऱ्याला चाकरमाणसेही जुमानत नाहीत, त्याच्या वस्तू परस्पर वापरू लागतात, असे प्रल्हाद सांगतो, आणि मग क्षमेचे प्रसंग सांगतो: ज्याने पूर्वी उपकार केले त्याचा अपराध, अजाणता घडलेला अपराध आणि कोणाचाही पहिला अपराध क्षम्य मानावा, दुसऱ्यांदा केलेला अपराध लहान असला, तरी त्याची दखल घ्यावी. युधिष्ठिराला हे पटत नाही. क्षमा हाच धर्म, असे तो पुन्हा सांगतो, आणि महाभारतकार दोघांपैकी कोणाचेही तोंड बंद करीत नाही.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात प्रल्हादाच्या याच वचनाचा आधार घेतला आहे. अहिंसा, सत्य, क्षमा यांना अपवाद असतात का, याची चर्चा करणाऱ्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात ते येते. आणि पुढे सिद्ध पुरुषाच्या व्यवहाराचा विचार करताना टिळक असे प्रतिपादन करतात की, गीतेतील ‘निर्वैर’ या पदाचा अर्थ प्रतिकार न करणारा असा नाही. वैर मनातून काढून टाकूनही दुष्टाचा प्रतिकार करता येतो, आणि समाजाच्या धारणेसाठी तो करावाही लागतो. टिळकांपुढे परसत्ता होती, थकबाकीदार भाडेकरू नव्हता, आणि त्यांच्या विवेचनाचा रोख राजकीय आहे हे उघड आहे. परंतु निर्वैर प्रतिकार ही कल्पना राजकारणापेक्षा घरभाड्यासारख्या क्षुद्र वाटणाऱ्या प्रकरणातच जास्त कसाला लागते. कारण मोठ्या लढ्यात वैराला निदान तत्त्वाचे पांघरूण मिळते, इथे तेही मिळत नाही. मध्यरात्री एकामागून एक संदेश टाकणाऱ्या मालकाच्या मनात त्या क्षणी न्याय नसतो. ‘मला मूर्ख समजतो का हा’ एवढेच असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह आणि संमोहापासून स्मृतिभ्रंश अशी जी साखळी सांगितली आहे, तिच्यातला स्मृतिभ्रंश या वर्गाला विशेष लागू पडतो. आपणही वीस वर्षे भाडेकरू होतो, आपलेही भाडे एखाद्या दिवाळीत थकले होते, याचा त्याला पूर्ण विसर पडतो.

व्यवहारात मात्र नवा मालक रागापर्यंत फार उशिरा पोहोचतो. त्याआधी तो दीर्घकाळ भिडेत असतो. भीड आणि क्षमा बाहेरून एकसारख्या दिसतात, म्हणूनच त्यांची गफलत होते. क्षमा करणाऱ्याला मागण्याचा अधिकार आणि मागण्याची ताकद दोन्ही असतात, आणि त्या दोन्ही असून तो मागणे सोडतो. भिडस्त माणूस मागणे सोडत नाही, नुसते लांबवतो, कारण समोरासमोर वाईटपणा घेण्याची त्याची तयारी नसते. भीड ही भिकेची बहीण, असे मराठी माणूस म्हणतो खरे, पण नोटीस पाठवायची वेळ आली की ‘बघू, दसरा होऊन जाऊ दे’ असे म्हणणाराही तोच असतो. या लांबणीचा भाडेकरूवर काय परिणाम होतो, हे सहसा पाहिले जात नाही. तीन महिन्यांची थकबाकी असताना स्पष्ट शब्द मिळाला असता, तर ज्याने नातेवाइकाकडे हात पसरून किंवा लहान घर पाहून वाट काढली असती, तो नऊ महिन्यांच्या थकबाकीखाली दबून जातो, आणि मग फोन न उचलणे एवढीच गोष्ट त्याच्या हातात उरते. अवघड भाडेकरूंपैकी सगळे नसले, तरी बरेचसे असे भिडेनेच घडवलेले असतात.

म्हणून या प्रकरणात एक भेद काटेकोरपणे करावा लागतो, आणि तो म्हणजे थकलेले भाडे आणि घराचा ताबा यांतला. थकलेले भाडे हे ऋण आहे. ते घडून गेलेल्या काळाचे आहे, आणि धनको ते सोडू शकतो. ताबा हा पुढच्या काळाचा प्रश्न आहे. तो सोडण्याने कोणाचे काही माफ होत नाही, एक बिघडलेला संबंध फक्त चालू राहतो. क्षमेचे क्षेत्र पहिले आहे, दृढतेचे दुसरे. नवा मालक नेमके याच्या उलट करतो: ताब्याच्या बाबतीत भिडेने ढिलाई दाखवतो, आणि बुडालेल्या रकमेच्या बाबतीत वर्षानुवर्षे जळत राहतो. ‘मागचे देऊ नका, पण अमुक तारखेला घर रिकामे करा’ असे म्हणणारा मालक व्यवहाराला पक्का आणि मनाने मोकळा असा दोन्ही असू शकतो. ‘राहा, पण पै न पै वसूल करीन’ असे म्हणणारा यांपैकी काहीच नसतो.

ऋण सोडण्यालाही मर्यादा आहे, आणि ती दाखवणारे उदाहरण महाराष्ट्राच्या चांगले परिचयाचे आहे. दुष्काळानंतर तुकोबांनी घरच्या सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते, आणि कीर्तनांतून हा प्रसंग वैराग्याचा कळस म्हणून रंगवला जातो. त्या कथेतला एक तपशील कीर्तनाच्या रंगात हरवतो: तुकोबांनी धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची खते वेगळी काढून त्याला दिली आणि बुडवली ती स्वतःच्या वाट्याची. दुसऱ्याच्या हक्काची क्षमा आपण करू शकत नाही, हे त्यांनी वैराग्याच्या भरातही जाणले होते. ज्या घरावर बँकेचे कर्ज आहे, ज्याच्या भाड्यावर आईच्या औषधांचा खर्च चालतो किंवा जे दोन भावांच्या नावावर आहे, त्या घराचे भाडे एकट्याने परस्पर माफ करणे हे औदार्य म्हणून चांगले दिसते, पण त्याची किंमत दुसरेच कोणी मोजत असते. उलट जिथे रक्कम खरोखर एकट्याची आहे आणि समोरच्याची नोकरी खरोखर गेली आहे, तिथे ती सोडणे मालकाला जमले पाहिजे. निदान ते न जमण्याला तत्त्वाचे नाव देऊ नये.

दृढतेचा मार्ग कोणता, याचे उत्तर महाराष्ट्रात बऱ्यापैकी स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. ती त्याने टाळली, तर कराराच्या अटींबद्दल, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. कलम २४ प्रमाणे, ज्याला राहण्यापुरता परवाना दिला आहे, म्हणजे ज्याच्याशी बोलीभाषेतला ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार झाला आहे, त्याने मुदत संपताच घर सोडायचे असते. न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि त्या पुढच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. वीज तोडणे, पाणी बंद करणे अशा उपायांना कलम २९ ने मज्जाव केला आहे. हा मज्जाव मालकांना अन्यायाचा वाटतो: मीटर माझ्या नावावर, बिल मी भरतो, आणि मलाच तोडता येत नाही. परंतु निर्वैर प्रतिकार याचा जर काही ठोस अर्थ असेल, तर तो इथे सापडतो. पाणी तोडणारा मालक थकबाकीदाराला शासन करीत नसतो, त्या घरातल्या शाळकरी मुलीला आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीला तहानेले ठेवत असतो, ज्यांनी कोणताच करार केलेला नाही. अर्ज, नोटीस, तारीख या संथ मार्गाचा एक गुण असा की, त्यात निवाडा करणारा आणि दुखावलेला ही दोन माणसे वेगळी राहतात. तो मार्ग खर्चिक आहे, आणि सहा महिन्यांचे काम दोन वर्षे रेंगाळते, तेव्हा त्याचे गुण सांगणाऱ्याचा राग येतो, हेही खरे. दुप्पट भरपाई मागावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे; ताबा लवकर सुटावा म्हणून ती मागणे आणि सूड म्हणून मागणे यांत कागदावर काहीच फरक दिसत नाही, मागणाऱ्याला तो ठाऊक असतो.

अनामत रकमेबाबत मात्र मालकाची बाजू सहसा कमजोर असते. ठेवीला शास्त्रकार ‘निक्षेप’ म्हणतात, आणि मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ठेव परत न करणारा आणि न ठेवलेली ठेव मागणारा या दोघांनाही चोराप्रमाणे शासन सांगितले आहे. आजची अनामत ही तंतोतंत निक्षेप नव्हे, कारण ती तारण म्हणूनच घेतलेली असते. तरीही भिंतीच्या रंगापासून पंख्याच्या आवाजापर्यंत सगळे तिच्यातून वळते करणाऱ्या मालकाने तो अध्याय आपल्यालाही लागू होतो का, हे पाहायला हरकत नाही.

राहणाऱ्याच्या धर्माबद्दल परंपरा अगदीच मुकी नाही, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे. श्वेतांबर जैन साधूंना जो गृहस्थ उतरायला जागा देतो, त्याला ‘शय्यातर’ म्हणतात, आणि त्याच्याच घरचा आहार घेणे साधूंना वर्ज्य आहे. आसरा देणाऱ्यावर दुहेरी भार पडला, तर पुढे जागा मिळणेच दुर्घट होईल, असा विचार त्यामागे सांगितला जातो. मोबदला न देणाऱ्या पाहुण्याने एवढा संकोच बाळगायचा असेल, तर मोबदला कबूल करणाऱ्याने किती बाळगावा, हे वेगळे सांगायला नको.

जुन्या चाळी वारशाने मिळालेल्या घरमालकाची गोष्ट निराळी आहे, आणि ती इथे थोडक्यात घेणे पुरे. मुंबईत दीर्घकाळ भाडी १९४० सालच्या पातळीशी जखडलेली होती. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक कालबाह्य आणि मनमानी ठरल्याचा निर्वाळा दिला, आणि नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. या भाडेकरूंना वरचे कलम २४ लागू नाही. त्यांच्याकडून स्वतःच्या राहण्यासाठी जागा परत मागायची, तर गरज प्रामाणिक असावी लागते, आणि शिवाय हुकूमनामा दिल्याने होणारा त्रास तो नाकारल्याने होणाऱ्या त्रासापेक्षा जास्त नाही, याचे समाधान न्यायालयाला व्हावे लागते. दोन माणसांची दुःखे तोलण्याची ही तरतूद कायद्याच्या पुस्तकात विलक्षण वाटते, कारण तौलनिक दुःख ही नीतिशास्त्राची भाषा आहे. स्वत्व कोणाचे, हा प्रश्न तिथे निकालात निघालेला असतो, आणि तरीही तेवढ्याने भागत नाही.

एका वाईट अनुभवाचा सर्वांत खोल परिणाम होतो तो पुढच्या भाडेकरूवर. घर एकदाचे हातात आले, की मालक काही निश्चय करतो: यापुढे एकट्या मुलांना द्यायचे नाही, अमक्या प्रांताच्या, अमक्या जातीच्या, अमक्या धर्माच्या माणसाला द्यायचे नाही. न्यायशास्त्रात हेतू आणि साध्य यांच्या नियत साहचर्याला, म्हणजे जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी अशा अपवादरहित संबंधाला, ‘व्याप्ती’ म्हणतात, आणि जो हेतू साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळतो, त्याला ‘सव्यभिचार’ हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला दोष, असे नाव आहे. एका थकबाकीदारावरून त्याच्या सगळ्या जातभाईंचा निवाडा करणे हा सव्यभिचार हेत्वाभासाचा शालेय नमुना ठरावा. विरोधी उदाहरण बहुधा त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, वेळेवर भाडे भरत राहत असते. गंमत अशी की, आपल्याच जातीच्या माणसाने भाडे बुडवले, तर हा मालक त्यातून कोणतीही व्याप्ती काढत नाही. तो माणूस तेवढा वाईट निघाला, असे म्हणतो.

अशा व्याप्तीचे टोक काय असते, याचा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात आहे. परदेशातून परतल्यावर १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना गावात कोणी जागा देईना. अखेर एका पारशी धर्मशाळेत, नोंदवहीत पारशी नाव लिहून, दिवसाला दीड रुपया देण्याच्या बोलीवर ते राहिले. धर्मशाळेच्या रखवालदाराला खरी गोष्ट ठाऊक होती. चार पैसे मिळतील म्हणून त्यानेच ही वाट काढली होती. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी हातांत काठ्या घेऊन आले. आठवडाभराची मुदत मागितली असता त्यांनी संध्याकाळपर्यंतचीच दिली. त्यानंतर एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताकडेही जागा झाली नाही, आणि काही तास कामाठी बागेत काढून रात्रीच्या गाडीने आंबेडकर मुंबईला परतले. काठ्या घेऊन आलेल्यांचा एक मुद्दा खरा होता: नाव खोटे होते. कौटिल्याच्या यादीतला ‘खोट्या हक्काने उपभोग’ हा शब्द त्यांना कोणी पुरवला असता, तर त्यांनी तो आनंदाने वापरला असता. परंतु खऱ्या नावाला दार उघडत नव्हते म्हणून ते नाव खोटे लिहावे लागले, आणि दार न उघडणारे तेच, खोटेपणाबद्दल जाब विचारणारेही तेच.

कौटिल्याच्या राज्यात नगराची वस्ती वर्णांनुसार वाटलेली होती, तरीही भाडेकरूला काढण्याची जी कारणे त्याने त्या नियमात मोजली, ती सगळी वर्तनाची आहेत. आजच्या कायद्यातही कारणे वर्तनाची किंवा मालकाच्या गरजेची आहेत. ही सगळी कारणे लागू होतात ती भाडेकरू घरात आल्यानंतर. तो येण्याआधी, दलालाने फोनवर नाव सांगितले आणि मालक क्षणभर थांबला, त्या थांबण्याला कोणतेही कलम सहसा पोहोचत नाही. ‘जागा कालच गेली’ हे उत्तर तयार असते, आणि ते तपासायला कोणी येत नाही.